ऋणायन कोणाला धरते? पेणच्या मूर्तीपासून रक्तापर्यंत एका प्रश्नाचा आढावा

पेणच्या गणपती कारखान्यात गोणीतून निघणाऱ्या पांढऱ्या भुकटीत मुळात तीनच घटक असतात: कॅल्शियम, सल्फेट आणि थोडेसे पाणी. तिच्यात आणखी पाणी कालवले आणि काथ्याबरोबर साच्यात थापले की काही मिनिटांत ती हाताला गरम लागते, घट्ट होते आणि साच्याची बारीकसारीक रेघ उचलते. विसर्जनानंतर हीच मूर्ती तळ्याच्या तळाशी महिनोनमहिने तशीच पडून राहते. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागते, तेव्हा मीठ दिसण्याच्या बऱ्याच आधी हेच कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन तळाशी बसतात. रासायनिक कारखान्यांचे गंधकाम्लयुक्त सांडपाणी चुन्याने निववले की उरणाऱ्या गाळातही बहुतांशी तोच पदार्थ असतो. त्याचे नाव जिप्सम.

मूर्ती, मिठागर आणि सांडपाणी या तीन ठिकाणी निकाल एकाच प्रश्नाने लागतो. ऋण प्रभार असलेला लहानसा कण, म्हणजे ऋणायन, धातूला धरतो की पाण्याच्या हायड्रोजनला? आणि दोघांनाही धरले तर कोणाची पकड टिकते? गेल्या सव्वाशे वर्षांत रसायनशास्त्राने या प्रश्नाची बरीच उकल केली आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरचा वाद मात्र अजूनही ‘विरघळते की विरघळत नाही’ एवढ्यावरच अडकलेला आहे. ही उकल हाताशी घेतली तर तो वाद बराच वेगळा दिसतो.

दोन प्रकारची पकड

क्लोराइड, फ्लुओराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, नायट्राइट, कार्बोनेट, सल्फेट, सायनाइड ही नेहमी भेटणारी लहान ऋणायने. या प्रत्येकाकडे इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या असतात. धन प्रभाराचा धातू जवळ आला की अशी एखादी जोडी त्याच्याकडे झुकते आणि बंध तयार होतो. तीच जोडी पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनलाही जवळ ओढू शकते. पाण्यात इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकलेले असल्यामुळे हायड्रोजनवर थोडा धन प्रभार उघडा पडलेला असतो. त्यातून जो बंध होतो तो हायड्रोजन बंध. एकाच ऋणायनाकडे या दोन्ही सोयी असतात आणि पाण्यात त्याला दोन्हीकडून बोलावणे असते.

धातूच्या बाजूचा पाया आल्फ्रेड वर्नर यांनी घातला. झुरिकमध्ये काम करणाऱ्या वर्नर यांनी १८९३ मध्ये कोबाल्ट, अमोनिया आणि क्लोराइड यांच्या रंगीत क्षारांचे कोडे सोडवले. एका क्षारातील तिन्ही क्लोराइड सिल्व्हर नायट्रेट टाकताच खाली बसत, दुसऱ्यातील दोनच, तिसऱ्यातील एकच. वर्नर यांचे म्हणणे असे की धातूभोवती एक आतले कडे असते आणि त्यात सहा जागा असतात. त्या कड्यात बसलेला क्लोराइड सहजी सुटत नाही. बाहेर राहिलेला क्लोराइड लगेच निसटतो. या सिद्धान्तासाठी त्यांना १९१३ चा नोबेल पुरस्कार मिळाला. आतले कडे आणि बाहेरचे कडे हा भेद आपल्या पुढच्या सगळ्या उदाहरणांचा कणा आहे.

हायड्रोजन बंधाची कल्पना नंतरची. १९२० मध्ये अमेरिकेतील लॅटिमर आणि रोडबुश यांनी पाण्याचे विचित्र गुण समजावून सांगताना ती मांडली. तिची सर्वमान्य व्याख्या मात्र थेट २०११ मध्ये आली. शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यासाठी नेमलेल्या गटाचे नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांनी केले.

पकडीची ताकद आकड्यांत पाहावी. पाण्याच्या दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध साधारण २० किलोजूल प्रति मोल एवढा असतो. फ्लुओराइड जेव्हा हायड्रोजन फ्लुओराइडच्या हायड्रोजनला धरते, तेव्हा तोच आकडा १६० च्या आसपास जातो. हा ज्ञात हायड्रोजन बंधांतला अतिशय बळकट बंध. सल्फेटचा एकेक बंध इतका बळकट नसतो. पण त्याला चार ऑक्सिजन असतात आणि प्रभार दुप्पट असतो, त्यामुळे ते एकाच वेळी पाण्याचे बरेच रेणू गोळा करते. हवेतून पाण्यात उतरताना सल्फेट सुमारे १,०८० किलोजूल प्रति मोल एवढी मुक्त ऊर्जा सोडते, क्लोराइड सुमारे ३४०, तर नायट्रेट ३०० च्या आसपास. म्हणून सल्फेटला पाण्यातून बाहेर काढायचे तर त्याला पाण्याहून मोठे आमिष दाखवावे लागते.

धातूंचीही अशीच उतरंड आहे. राल्फ पिअर्सन यांनी १९६३ मध्ये ती ‘कठीण’ आणि ‘मऊ’ अशा दोन वर्गांत बसवली. फ्लुओराइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट, सल्फेट ही कठीण ऋणायने कॅल्शियम, ॲल्युमिनियम, लोह अशा कठीण धातूंना जवळ करतात. सल्फाइड आणि सायनाइड ही मऊ ऋणायने पारा, शिसे, चांदी यांच्याकडे झुकतात. नियम ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे.

मिठागरातली क्रमवारी

हा सगळा सिद्धान्त पेणच्या खाडीकाठी उन्हात उघडा पसरलेला असतो. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम. पाणी आटत गेले की हे क्षार एकदम पडत नाहीत, ठरलेल्या क्रमाने पडतात. आधी थोडासा कॅल्शियम कार्बोनेट. पाण्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग उडाला की जिप्सम. मूळ पाण्याच्या साधारण दहावा हिस्सा उरला की मीठ. मीठ काढून झाल्यावर राहते ते मॅग्नेशियमने भरलेले कडू पाणी. मिठागरवाले घनतेच्या ‘डिग्री’वर लक्ष ठेवतात: साधारण १३ डिग्री बोमेला जिप्सम पडू लागतो आणि २५ च्या आसपास मीठ. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवण्यामागचे एक कारण हेच, की जिप्सम आधीच्या वाफ्यात राहावा आणि मीठ शेवटच्या वाफ्यात स्वच्छ पडावे.

आता मॅग्नेशियम कॅल्शियमच्या तिप्पट असताना सल्फेट कॅल्शियमबरोबरच का पडते? उत्तर पाण्याच्या पकडीत आहे. मॅग्नेशियमचा आयन लहान असतो आणि पाण्याचे सहा रेणू इतके घट्ट आवळून घेतो की सल्फेटला त्याच्या आतल्या कड्यात शिरकावच मिळत नाही. सल्फेट बाहेर राहून त्या पाण्याच्या हायड्रोजनांना धरते. अशी जोडी पाण्यात आनंदाने विरघळलेली राहते. कॅल्शियमचा आयन मोठा, त्याची पाण्यावरची पकड सैल. तिथे सल्फेट थेट धातूला भिडते आणि घन स्फटिक तयार होतो.

कोकणातल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते त्याचेही कारण हेच. शुद्ध सोडियम क्लोराइडला हवेतली ओल तितकीशी ओढून घेता येत नाही. पाणी सुटते ते मिठाबरोबर आलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. त्याच्या स्फटिकात प्रत्येक मॅग्नेशियमभोवती पाण्याचे सहा रेणू असतात आणि क्लोराइड धातूला स्पर्शही करत नाही. ते पाण्याच्या हायड्रोजनांना धरून असते. मिठात मात्र प्रत्येक सोडियमला सहा क्लोराइड थेट लागून असतात. एकाच बरणीत एकाच ऋणायनाच्या दोन तऱ्हा नांदतात.

प्लास्टर घट्ट कसे होते

जिप्समच्या स्फटिकाची रचना १९३६ मध्ये वूस्टर यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. प्रत्येक कॅल्शियमभोवती आठ ऑक्सिजन असतात, त्यातले सहा सल्फेटचे आणि दोन पाण्याचे. कॅल्शियम आणि सल्फेट मिळून थर बनवतात आणि थरांच्या मध्ये पाणी बसते. पाण्याचा ऑक्सिजन कॅल्शियमकडे आणि हायड्रोजन सल्फेटच्या ऑक्सिजनकडे तोंड करून असतो. थराच्या आत धातू आणि ऋणायन यांची बळकट पकड, थरांच्या मध्ये मुख्यतः हायड्रोजन बंधांची नाजूक पकड. म्हणून जिप्समवर नखाने ओरखडा उठतो आणि त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या निघतात.

हे नाजूक बंध सोडवायला फार उष्णता लागत नाही. जिप्सम साधारण १५० अंशांपर्यंत तापवला की पाण्याचा तीन चतुर्थांश भाग निघून जातो. वजनाच्या भाषेत, जिप्सममध्ये स्फटिकजल सुमारे २१ टक्के असते, ते ६ टक्क्यांवर येते. उरते ती भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात कॅल्शियम आणि सल्फेट यांच्या साखळ्या असतात आणि उरलेले थोडे पाणी त्यांच्यामधल्या पोकळ्यांत अडकलेले असते.

भुकटीत पाणी घातल्यावर ते नुसते आत मुरते, असा समज आहे. तो खरा नाही. तरुण लाव्हाझिए यांनी १७६५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे जिप्समवर पहिला निबंध वाचला आणि घट्ट होणे म्हणजे गमावलेले पाणी परत मिळवणे हे दाखवले. पुढे ल शातलिए यांनी १८८७ मध्ये त्याची रीत सांगितली. प्लास्टर जिप्समपेक्षा पाण्यात कितीतरी जास्त विरघळते. त्यामुळे ते विरघळले की पाणी जिप्समच्या दृष्टीने गरजेपेक्षा जास्त भरलेले होते आणि त्यातून जिप्समचे सुईसारखे स्फटिक बाहेर पडतात. ते एकमेकांत गुंततात आणि त्या गुंत्यामुळे मूर्ती उभी राहते. नवे बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते म्हणून लगदा गरम लागतो. घट्ट होताना तो किंचित फुगतो म्हणून साच्याचा कोपरा न् कोपरा भरतो.

हिशेबाने १०० किलो प्लास्टरला १८.६ किलो पाणी पुरते. ओतता यावे म्हणून कारागीर त्याच्या कितीतरी पट घालतो. जास्तीचे पाणी वाळून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. मूर्ती हलकी होते ती यामुळे.

शाडूचे गणित वेगळे. निरनिराळ्या खाणींच्या मातीत खनिजांचे प्रमाण निरनिराळे असते. पण पांढऱ्या मातीचे वागणे समजून घ्यायला काओलिनाइट हे खनिज चांगले. त्याच्या प्रत्येक पत्र्याच्या एका बाजूला ॲल्युमिनियमला धरलेले हायड्रॉक्साइड असते आणि त्याचा हायड्रोजन शेजारच्या पत्र्याच्या ऑक्सिजनला धरतो. म्हणजे एकच लहान ऋणायन धातूला बांधलेले आहे आणि हायड्रोजन बंध देतेही आहे. ही पकड अशी बसते की पाणी पत्र्यांच्या मध्ये शिरत नाही. ते कणांच्या मध्ये राहते. वाळल्यावर कण चिकटतात, भिजल्यावर सुटतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, तिचे कण एकमेकांपासून सुटून चिखल होतो. ॲल्युमिनियम आणि हायड्रॉक्साइड यांचा बंध जिथल्या तिथेच राहतो.

मोरचूद आणि तुरटी

घरात आणि बागेत मिळणारे आणखी दोन सल्फेट हा भेद डोळ्यांपुढे ठेवतात. मोरचुदाचा निळा खडा म्हणजे तांब्याचे सल्फेट आणि पाण्याचे पाच रेणू. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा पाचवा रेणू वेगळाच निघाला. चार रेणू तांब्याला लागून आहेत. उरलेल्या दोन जागा सल्फेटच्या ऑक्सिजननी घेतल्या आहेत. पाचवा रेणू तांब्याला शिवतही नाही, तो हायड्रोजन बंधांवर टांगलेला आहे. गंमत अशी की मोरचूद तापवला तर सगळ्यांत शेवटी, २०० अंशांच्या आसपास, पाण्याचा एक रेणू चिवटपणे उरतो. पण तो हाच टांगलेला रेणू असतो, असे त्यावरून ठरत नाही.

रायगडच्या सुपारीच्या बागांत पावसाळ्याच्या तोंडावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते द्राक्षवेलींसाठी प्रसिद्ध केले. चुन्यातले हायड्रॉक्साइड तांब्याच्या आतल्या कड्यात शिरते, सल्फेटची हकालपट्टी होते आणि निघालेले सल्फेट कॅल्शियमला धरून, पुन्हा एकदा, जिप्सम बनते. तांबे पानावर न विरघळता चिकटून राहते ते या अदलाबदलीमुळे.

तुरटीत सल्फेट धातूला मुळीच भिडत नाही. ॲल्युमिनियमभोवती पाण्याचे सहा रेणू, पोटॅशियमभोवतीही पाणीच. सल्फेट त्या पाण्याच्या हायड्रोजनांना धरून स्फटिक सांधते. मोरचुदात आतल्या कड्यात बसलेले सल्फेट तुरटीत बाहेरच्या कड्यात आहे. ऋणायन तेच; वागणे धातूवर आणि मधल्या पाण्यावर ठरते.

शरीरातली बारीक निवड

सजीवांनी हा प्रश्न माणसाच्या खूप आधी सोडवला आणि तोही धातूशिवाय. साल्मोनेला या जिवाणूकडे सल्फेट उचलून आत नेणारे एक प्रथिन आहे. फ्लुग्राथ आणि क्विओचो यांनी १९८५ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. प्रथिनाच्या कपारीत सल्फेट पूर्णपणे गाडलेले होते, जवळ एकही धन आयन नव्हता आणि सात हायड्रोजन बंध ते तोलून धरत होते. त्याच प्रयोगशाळेने १९९० मध्ये फॉस्फेट उचलणारे प्रथिन पाहिले. सल्फेट आणि फॉस्फेट आकाराने जवळपास सारखे. तरी हे प्रथिन त्यांच्यात गफलत करत नाही. कारण फॉस्फेटवर बहुधा एक हायड्रोजन असतो आणि प्रथिनातला एक ऋण प्रभाराचा गट त्या हायड्रोजनची वाट पाहत असतो. सल्फेटकडे देण्यासारखा हायड्रोजन नाही, म्हणून त्याला दारातच नकार मिळतो.

धातू आणि हायड्रोजन बंध एकाच वेळी कामाला लागलेले पाहायचे तर आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन पाहावे. त्यातल्या हीममध्ये लोहाचा एक अणू असतो. त्याला ऑक्सिजन चिकटला की लोहाचा एक इलेक्ट्रॉन बराचसा ऑक्सिजनकडे जातो, म्हणजे ऑक्सिजन काही अंशी ऋणायनासारखा वागू लागतो. लायनस पॉलिंग यांनी १९६४ मध्ये सुचवले की शेजारचा हिस्टिडीन हा अमिनो आम्लाचा गट हायड्रोजन बंधाने त्याला टेकू देत असावा. फिलिप्स आणि शेनबॉर्न यांनी १९८१ मध्ये न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने मायोग्लोबिन या तशाच हीम असलेल्या प्रथिनामध्ये तो हायड्रोजन प्रत्यक्ष दाखवला.

या एका टेकूवर जगणे अवलंबून आहे. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइडही हीमच्या लोहाला धरतो. प्रथिनाबाहेरचे मोकळे हीम ऑक्सिजनपेक्षा त्याला सुमारे २०,००० पट जास्त पसंती देते. हिमोग्लोबिनमध्ये ही पसंती २०० ते २५० पटींवर येते. कार्बन मोनॉक्साइडवर इलेक्ट्रॉन फारसे साचत नाहीत, त्यामुळे हिस्टिडीनचा हायड्रोजन त्याला तितकीशी मदत करत नाही. मदत ऑक्सिजनच्या पारड्यात पडते.

लोहाचा प्रभार दोनवरून तीनवर गेला की मात्र तोच खिसा खऱ्या ऋणायनांना खुला होतो. फ्लुओराइड, ॲझाइड, सायनाइड, सगळी तिथे बसू शकतात. सायनाइडच्या विषबाधेवर सोडियम नायट्राइट देण्याचा उपाय या गुणावरच उभा आहे: नायट्राइट थोड्या हिमोग्लोबिनचे लोह बदलते आणि ते बदललेले लोह सायनाइडला स्वतःकडे ओढून पेशींच्या श्वसनाचे यंत्र मोकळे करते. नायट्राइट स्वतःही दोन तोंडांचे ऋणायन आहे. ते धातूला नायट्रोजनने धरू शकते किंवा ऑक्सिजनने. कोबाल्टच्या एका क्षारात पहिल्या तऱ्हेला पिवळा आणि दुसऱ्या तऱ्हेला लालसर रंग येतो. योर्गेन्सन यांनी १८९४ मध्ये नोंदलेली ही जोडी आजही पदवीच्या प्रयोगशाळेत केली जाते.

पाण्यातून ऋणायन काढायचे तर

रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि कुंडलिका नदी तिला लागून वाहते. अशा कोणत्याही वसाहतीत सांडपाण्याचे शास्त्र या उतरंडीवरच चालते. गंधकाम्ल चुन्याने निववले की सल्फेटचा मोठा भाग जिप्सम होऊन गाळात जातो, जड धातू हायड्रॉक्साइडबरोबर खाली बसतात. क्लोराइड आणि नायट्रेट मात्र कोणत्याही स्वस्त धातूबरोबर खाली बसत नाहीत. विरघळलेल्या क्षारांची पातळी खाली आणणे महागडे होते ते इथे. शेवटी पाणीच उडवून किंवा पडद्यातून गाळून वेगळे करावे लागते. सल्फेटदेखील पूर्ण जात नाही, कारण जिप्समची स्वतःची विद्राव्यता लिटरला सुमारे २.४ ग्रॅम आहे.

फ्लुओराइडच्या बाबतीत महाराष्ट्राने चांगला धडा दिला आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात फ्लुओराइड जास्त असून त्याने दात आणि हाडे बिघडतात. फ्लुओराइड पाण्याला घट्ट धरून असते. पण ॲल्युमिनियम हे त्याचे आवडते ठिकाण. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत पाण्यात चुना आणि तुरटी घालतात. तयार होणाऱ्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांवर फ्लुओराइड जाऊन बसते आणि गाळाबरोबर निघते. पाण्याची पकड मोडायला त्याहून बळकट पकड देणारा धातू शोधणे, एवढे या पद्धतीचे सूत्र.

विसर्जनाचा वाद, बंधांच्या भाषेत

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तींच्या विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मधल्या सुधारित सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस तिची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितले. पेण परिसरात मूर्तीवर पोट असलेल्या कुटुंबांपुढे तेव्हा प्रश्न उभा राहिला. पुढे डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशी आल्या आणि ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने अशा मूर्ती बनवायला मोकळीक दिली. नैसर्गिक जलाशयात त्यांच्या विसर्जनाला मात्र मनाई ठेवली. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असे ठरले, मोठ्या मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली.

म्हणजे प्रश्न कारखान्यातून तलावाकडे सरकला. तिथे पुन्हा ‘विरघळते का’ हे विचारून भागत नाही. जिप्सम विरघळतो; पण एक किलो जिप्सम पूर्ण विरघळायला चारशेहून जास्त लिटर पाणी लागते आणि वीस किलोच्या मूर्तीला आठ हजारांहून जास्त. तळे साचलेले असेल तर मूर्तीभोवतीचे पाणी लवकर संपृक्त होते आणि पुढचे विरघळणे रखडते. तैलरंगाचा थर असला तर पाणी आतच जात नाही. तळाशी हवा संपली की जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच. मग रंगातल्या शिशापाऱ्यासारखे मऊ धातू या मऊ ऋणायनाला चिकटून गाळात साठतात. म्हणजे विषारी काय, याचे उत्तर बहुतांशी रंगात आहे. प्लास्टरचा गुन्हा मुख्यतः साचून राहण्याचा आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मोहन डोंगरे आणि डॉ. शुभांगी उंबरकर यांनी मांडलेला उपाय ऋणायन बदलण्याचा आहे. मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवायची. कार्बोनेटची कॅल्शियमवरची पकड सल्फेटपेक्षा इतकी घट्ट आहे की कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जिप्समच्या शंभरावा हिस्साही विरघळत नाही. त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेटकडे जाते, सल्फेट सुटते आणि अमोनियमबरोबर पाण्यात राहते. पुणे महापालिकेने ही पद्धत नागरिकांपर्यंत नेली. एक किलो जिप्समला सुमारे ०.९ किलो अमोनियम बायकार्बोनेट लागते. त्यातून सुमारे ०.६ किलो कॅल्शियम कार्बोनेट आणि पाऊण किलोहून थोडे जास्त अमोनियम सल्फेट मिळते. अमोनियम सल्फेट हे खत आहे, ते शेतात गेले तर कामाचे आणि नदीत गेले तर शेवाळाला खाद्य. म्हणून ही रीत घराच्या बादलीत छान चालते. हजारो मूर्तींच्या तलावावर ती लावायची तर द्रावण गोळा करून शेतापर्यंत नेण्याची सोयही तितकीच लागते.

तिसरा मार्ग सगळ्यांत कमी बोलला जातो. मूर्ती नुसत्या पाण्यात विरघळवायची तर कॅल्शियम आणि सल्फेट यांची पकड पूर्ण मोडावी लागते आणि त्यासाठी प्रचंड पाणी लागते. बायकार्बोनेटच्या मार्गाने तीच पकड दुसऱ्या ऋणायनाकडे वळवावी लागते आणि त्यासाठी मूर्तीच्या वजनाइतके रसायन लागते. मूर्ती पुन्हा भुकटी करायची असेल तर सुटावे लागते ते फक्त स्फटिकजल. कृत्रिम तलावातून काढलेला जिप्सम धुऊन, वाळवून, दळून साधारण १५० अंशांवर भाजला की पुन्हा प्लास्टर मिळते. कॅल्शियम आणि सल्फेट यांना त्यासाठी एकमेकांपासून सोडवावे लागत नाही. अडचणी आहेत: काथ्या वेगळा करावा लागतो, रंग उतरवावा लागतो, समुद्रात भिजलेल्या मालातला क्लोराइड धुवावा लागतो आणि दर फेरीत मालाची ताकद थोडी घटते. पण या अडचणी कामाच्या आहेत, रसायनाच्या नाहीत.

म्हणून धोरण ठरवताना क्रम असा असावा. घरच्या लहान मूर्तीला शाडू उत्तम, कारण तिथे कण वेगळे होण्यापलीकडे काहीच मोडावे लागत नाही. चिखल मात्र नदीत न सोडता पुन्हा वापरावा. प्लास्टरच्या मूर्तीवर पाण्याने सुटणारा, जड धातू नसलेला रंग सक्तीचा असावा, कारण तो असला तर मूर्ती परत भाजता येते आणि नसला तर कोणताच मार्ग नीट चालत नाही. आणि कृत्रिम तलावांचा गाळ कचराभूमीत न टाकता पेणच्या कारखान्यांकडे कच्चा माल म्हणून परत यावा. पहिली भट्टी पेण तालुक्यातच उभी राहिली तर मालाची मागणीही तिथेच आहे आणि प्लास्टरची जात ओळखणारे हातही.